पिंग जातोय, भाव येत नाहीत

"पिंग जातोय ना सर? मग आमच्याकडून क्लिअर आहे."

आमच्या धंद्यात हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी कानावर पडतं. आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा ते खरं असतं. मल्टिकास्ट व्हीपीएन मात्र अशी जागा आहे, जिथे हे वाक्य शंभर टक्के खरं असूनही त्याचा काडीचा उपयोग नसतो. माझा एक मित्र आहे, जावावाला. तो नेहमी विचारतो, "तुम्ही नेटवर्कवाले रात्र रात्र जागून नक्की करता तरी काय?" बाबा रे, हे तुझ्यासाठी.

आमचं एक गिऱ्हाईक म्हणजे शेअर ब्रोकर. मुख्य ऑफिस मुंबईत, तिथून भावांचं फीड सगळ्या शाखांना जायचं. भाव हा प्रकार मल्टिकास्टसाठीच जन्मलेला आहे (एनएसईचं टिक-बाय-टिक फीडसुद्धा मल्टिकास्टनेच येतं). पाठवणारा एकच प्रत सोडतो आणि रस्ता जिथे फुटतो तिथे राउटर तिच्या प्रती काढतात. पण ज्याला फीड हवंय त्याने आधी "मला पाहिजे" असं सांगावं लागतं. याला जॉइन म्हणतात. डेटा मुंबईहून नागपूरला जातो, जॉइन नागपूरहून मुंबईला. उलटा प्रवास. हे लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ इथेच आहे.

मुंबई-पुण्याच्या शाखा आमच्या नेटवर्कवर, विदर्भातल्या शाखा दुसऱ्या प्रोव्हायडरकडे. दोन नेटवर्कच्या सीमेवर दोन राउटर एकमेकांशी बीजीपी बोलतात आणि व्हीपीएनचे राउट एकमेकांना देतात. याला ऑप्शन बी म्हणतात.

आता राउट टार्गेट. आठ बाइटचा एक टॅग, बस्स. मोठ्या सोसायटीत पाच-सहा भिश्या चालतात असं समजा. कोणी सूचना लावली की वर लिहायचं "भिशी नंबर १००". त्या भिशीतला जो कोणी असेल तो वाचतो, बाकीचे पुढे जातात. प्रोव्हायडरच्या राउटरवर (पीईवर) प्रत्येक गिऱ्हाईकाचं वेगळं टेबल असतं, व्हीआरएफ. कुठला टॅग असलेले राउट आत घ्यायचे हे त्या व्हीआरएफला सांगून ठेवलेलं असतं. २००६ च्या आरएफसी ४३६४ मध्ये हे नीट लिहिलंय. त्याचा आधीचा अवतार, २५४७, १९९९ चा. यात टॅग सांगतो की राउट *कोणाचा* आहे. कुठे जायचं ते सांगत नाही. एक जण घेईल, नाहीतर पन्नास जण घेतील.

शेजारच्या सोसायटीत अर्थातच नंबर वेगळे. आमचा ६४४९६:१०० म्हणजे त्यांचा ६४५११:९०० (आकडे उदाहरणाचे आहेत, खरे सांगितले तर नोकरी जाईल :-)). म्हणून त्यांच्या गेटवर एक वॉचमन. त्याच्या हातात यादी: शंभर आलं तर नऊशे कर, नऊशे बाहेर चाललं तर शंभर कर. यादीत नसलेलं काहीही दिसलं की कचऱ्यात टाक. यात चूक काही नाही. परक्या नेटवर्कचे वाट्टेल ते टॅग मीही आत घेतले नसते.

युनिकास्टमध्ये हे झकास चालत होतं. मग मल्टिकास्ट आलं.

फेब्रुवारी २०१२ मध्ये आरएफसी ६५१३ आणि ६५१४ आले आणि मल्टिकास्टचे जॉइनसुद्धा बीजीपीतून राउटसारखे नेण्याची सोय झाली. एकूण सात प्रकारचे राउट आहेत, त्यातले सहावा आणि सातवा म्हणजे जॉइन. आता अडचण बघा. बीजीपी म्हणजे दवंडी, सगळ्यांना ऐकू जाते. पण जॉइन मात्र एकाच पीईने उचलायला हवा, ज्याच्यामागे फीडचा उगम आहे त्याने. हे कसं जमवायचं?

त्यांनी नवं काही काढलं नाही, तोच राउट टार्गेट वापरला. मुंबईचा पीई आपल्या साध्या युनिकास्ट राउटवर नेहमीच्या टॅगशेजारी आणखी एक चिठ्ठी चिकटवतो: व्हीआरएफ राउट इम्पोर्ट. त्यात त्याचा स्वतःचा आयपी आणि त्या व्हीआरएफचा एक आकडा, समजा १९२.०.२.१:७. नागपूरच्या पीईला जॉइन पाठवायचा असला की तो हीच चिठ्ठी उचलतो, तिचा राउट टार्गेट बनवतो आणि जॉइनवर लावतो. हा टॅग आत घेणारा व्हीआरएफ एकच, मुंबईतला. बाकीचे ऐकतात आणि सोडून देतात. मला हे वाचून खरंच आवडलं होतं. पण तेवढ्यात टॅगचा अर्थ बदलला ना! आधी तो "कोणाचा" सांगत होता, आता "कोणाला" सांगतोय. भिशीच्या नंबराच्या जागी फ्लॅट नंबर.

आणि वॉचमनच्या यादीत फ्लॅट नंबर नव्हते.

जॉइन कचऱ्यात. एरर नाही, लॉग नाही, सेशन अप, पिंग जातोय. आणखी फसवं म्हणजे आमच्या मांडणीत पहिल्या प्रकारचे राउट, ज्यांतून "मी पण या व्हीपीएनमध्ये आहे" असं पीई एकमेकांना सांगतात, ते साध्या टॅगवर चालतात. वॉचमन ते इमानदारीत बदलून पुढे देत होता. म्हणजे सभासदांची यादी दोन्हीकडे अगदी बरोबर!

अकरा दिवस हे चाललं. तोवर ब्रोकरच्या आयटीवाल्यांनी विदर्भातल्या प्रत्येक डेस्कला फीडची वेगळी युनिकास्ट प्रत पाठवायचा जुगाड केला. लिंक भरली, भाव उशिरा यायला लागले. नागपूरचे शाखाप्रमुख रोज फोन करायचे, "साहेब, मुंबईत भाव बदलून जातो, तेव्हा आमच्याकडे दिसतो." तिथे चार डीलर बसत. महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर ते डेस्क मुंबईला हलवायचं ठरत होतं. चौघांपैकी कोणी मुंबईला येणार नव्हतं.

पहिला संशय व्हीआरएफ राउट इम्पोर्टवर होता. सीमेवर टॅग बदलताना बरेच जण जुन्या सगळ्या चिठ्ठ्या पुसून नवी लावतात, त्यात हीसुद्धा जाते आणि मग जॉइन बनतच नाही. पण पलीकडच्या इंजिनीअरने नागपूरच्या पीईचं आउटपुट पाठवलं, त्यात चिठ्ठी शाबूत होती आणि जॉइनही बनलेला होता. आमच्या सीमेवरच्या राउटरवर मात्र तो पोचलेला नाही. म्हणजे मध्येच कुठेतरी गेला. मी पॉलिसी मागितली. तो म्हणाला, "सर, दोन वर्षांपासून तीच पॉलिसी आहे, काहीच बदललेलं नाही." बरोबरच होतं त्याचं. दोन वर्षांपूर्वी तिथे मल्टिकास्ट नव्हतं.

उपाय चार ओळींचा होता. मल्टिकास्ट व्हीपीएनचे सहाव्या-सातव्या प्रकारचे राउट असतील तर टॅग बदलू नका, जाऊ द्या. पण त्यांची सिक्युरिटी टीम अडली. "परक्या राउटरच्या आयपीचे टॅग आमच्या गेटमधून फिरणार?" मला आधी राग आला, मग पटलं. असा टॅग म्हणजे थेट एका व्हीआरएफचा पत्ता. सरसकट मोकळीक दिली तर कोणीही दुसऱ्या गिऱ्हाईकाच्या व्हीआरएफमध्ये जॉइन घुसवू शकतो. शिवाय एका कंपनीच्या पीईंचे आयपी दुसऱ्या कंपनीला दिसतात, ते कोणालाच आवडत नाही. पण १९२.०.२.१:७ मधला सात हा त्या पीईवर फक्त या ब्रोकरचा आहे. तेवढाच सोडा, बाकी बंद. पंचाईत एवढीच की हा आकडा त्या पीईपुरता असतो. त्याच गिऱ्हाईकाला दुसऱ्या पीईवर वेगळा आकडा मिळू शकतो, त्यामुळे यादी वाढत जाते आणि ती हाताने सांभाळावी लागते.

काही जण म्हणतील, ऑप्शन ए वापरा. प्रत्येक गिऱ्हाईकाला सीमेवर वेगळा इंटरफेस, त्यावर साधं पिम, टॅग सीमा ओलांडतच नाहीत. दोन गिऱ्हाइकं असती तर मीही तेच केलं असतं, त्यात कमीपणा नाही. दोनशे असतील तर मात्र इंटरफेस मोजता मोजता जीव जाईल.

शनिवारी बाजार बंद असताना दोन्हीकडे बदल केला. टेस्ट स्ट्रीम सोडल्यावर जॉइन काही सेकंदांत मुंबईच्या पीईवर दिसला. सोमवारी सव्वानऊला बाजार उघडला तेव्हा नागपूरच्या पडद्यावर मुंबईबरोबरच भाव हलत होते. डेस्क तिथेच राहिलं.

पुढच्या महिन्यात पुण्याला आमचा नवा पीई लागतोय आणि ब्रोकरचं बॅकअप फीड त्याच्यामागे जाणार आहे. त्याचा आयपी वेगळा, आकडाही वेगळा असणार, आणि वॉचमनच्या यादीत तो अजून नाही. पलीकडच्या इंजिनीअरला उद्या सकाळी मेल टाकतोय.