धुराचा हिशेब

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना नीती शिकवावयाची म्हणजे काठावर बसून पोहणे शिकवण्यासारखे आहे. मुले ऐकून घेतात, माना डोलावतात आणि परीक्षेत उत्तरही बिनचूक लिहितात. ‘सचोटी म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर माझ्या वर्गात आजवर कोणी चुकीचे लिहिलेले नाही. शेजाऱ्याच्या पेपरात डोकावून लिहिणाऱ्यानेसुद्धा!

म्हणून काही वर्षांपासून मी पुस्तक बाजूला ठेवतो आणि टेबलावर चूल मांडतो. चूल हे एक यंत्र आहे, हेच आधी मुलांना पटत नाही. मग आम्ही पाणी तापवतो, लाकूड तोलतो, हिशेब मांडतो. साध्या उघड्या चुलीत लाकडातल्या उष्णतेचा दहाव्या हिश्शाच्या आसपासचाच भाग भांड्याला लागतो, असे दिसून येते. बाकीची उष्णता वाऱ्यावर जाते. आणि धूर? धूर म्हणजे न जळलेले इंधन. म्हणजे बाई रानातून डोक्यावर मोळी वाहून आणते आणि तिच्यातला काही भाग स्वतःच्याच छातीत साठवते. घरातल्या अशा धुराने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा आकडा फळ्यावर लिहिला की वर्ग गप्प होतो. मग कोणीतरी हमखास सुचवतो, “सर, चिमणी बसवू या.” मी विचारतो, “आणि चिमणीतला धूर कोणाच्या घरात जाईल?” वाडीवरची घरे एकमेकांना खेटून असतात. नीतीचा पहिला पाठ इथे सुरू होतो, आणि तो नीतीचा आहे हे मुलांच्या लक्षातही येत नाही.

गॅस आता बहुतेक घरांत पोचला आहे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने तो गरिबांच्या घरीही नेला. तरी जिथे सिलिंडरला पैसे पडतात आणि काटक्या फुकट मिळतात, तिथे भाकरी चुलीवरच होते. सरकारने १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. २००२ साली तो आटोपला, तोवर तीन कोटींहून अधिक चुली वाटून झाल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी चुली लवकरच कोपऱ्यात पडल्या. मोडली तर दुरुस्त कोणी करायची, हे ठरलेलेच नव्हते. आणि अनुदानातून आलेल्या वस्तूबद्दल तक्रार तरी कोणाकडे करायची?

याच ठिकाणी मी मुलांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगतो. लोखंडाच्या नांगराने जमीन विषारी होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपवायला लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली. ते नांगर त्यांनी फुकट वाटले असते, तर कदाचित दोन दिवसांत संपले असते. पण मग शेतकऱ्याचे म्हणणे ऐकून घेण्याची गरज उरली नसती. गिऱ्हाईक नाही म्हणू शकते, यात उद्योजकाचे मोठे शिक्षण आहे.

आमच्या मुलांनाही ते मिळाले. आपली चूल घेऊन ती भोर तालुक्यातल्या एका वाडीवर गेली. एका मावशींनी ती फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, “चूल झ्याक हाय. पर यावर माझा तवा बसंल का? आन् लाकडं बोटाएवढी बारीक कोण फोडणार? तू येशील का रोज?” मुलांनी उष्णतेचा हिशेब दशांशापर्यंत केला होता, कुऱ्हाडीचा केला नव्हता.

तव्याची अडचण लवकर सुटली. खरा वाद पत्र्यावरून झाला. आतली नळी आधी जळते, कारण जाळ तिलाच भिडतो. धंद्याचे डोके असलेला एक मुलगा म्हणाला, “पत्रा पातळ घेऊ. चूल स्वस्त होईल. वर्षाने नळी जळली, की गिऱ्हाईक नवी चूल घेईल. धंदा चालू राहील.” वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “विकताना हे त्यांना सांगणार का?”

“सांगितले तर घेईल कोण?” तो म्हणाला, आणि स्वतःच थांबला.

मी त्या वेळी काही बोललो नाही. बोललो असतो, तर ते पुन्हा पुस्तकच झाले असते.

आठवड्याने तोच मुलगा नवे चित्र घेऊन आला. बाहेरचे अंग जाड पत्र्याचे, आतली नळी तीन खिळ्यांवर अडकवलेली. ती काढता येई, आणि गावचा लोहारही नवी बनवू शके. किंमत थोडी वाढली. पण नळीचा धंदा लोहाराच्या हाती गेला. चूल देताना मुलाने मावशींना सांगितले, “ही नळी दोनेक पावसाळे टिकेल. मग एवढ्या पैशांत दुसरी बसवा.”

“वस्तू कवा मोडंल ते आधीच सांगणारा दुकानदार पहिल्यांदाच बघितला,” मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी वीस रुपये कमी करून घेतले!

वर्षभरात चौदा चुली खपल्या. एवढ्यावर कोणाचे घर चालत नाही. तो मुलगा आता एका मोठ्या कारखान्यात नोकरीला आहे. पातळ पत्र्याचा प्रश्न तिथेही त्याच्यापुढे येईल, वरिष्ठांच्या सहीनिशी येईल, आणि तेव्हा मागच्या बाकावर ती मुलगी नसेल. तो काय उत्तर देईल, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण प्रश्न त्याला ऐकू येईल, एवढी मला खात्री आहे.

परवा त्या लोहाराचा फोन आला होता. दिवाळीच्या तळणाआधी बायांनी चार नळ्या बदलून नेल्या. त्याने चुलीचे तोंड बोटभर रुंद केले आहे, म्हणजे लाकूड कमी फोडावे लागते. “त्या पोराला सांगा,” तो म्हणाला, “त्याच्या कागदावर दुरुस्ती करून ठेव म्हणावं.”