सोवळे आणि सहवास

रायपूरच्या अलीकडे राजनांदगाव लागते. तिकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने ना. वा. टिळकांना ‘नवा करार’ दिला. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला.

वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्यात त्या वाढलेल्या. तेथे स्पर्श म्हणजे विटाळच. अशा स्त्रीने धर्मांतरित पतीजवळ परतावे तरी कसे? दीर्घ वियोगानंतर त्या परतल्या, पण सोवळे सांभाळूनच. पतीने ते सांभाळू दिले. दांपत्यप्रेमाची खरी कसोटी येथेच दिसते. शृंगाराविषयी ‘स्मृतिचित्रे’ संयमी आहे, शिवाशिवीविषयी मात्र (आणि ते अधिक बोलके!) ती मोकळेपणाने लिहिते. पुढे राहुरीस त्यांच्या मनातला जातिभेद गळाला, तो कोणाच्या आज्ञेने नव्हे. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.