सुरतेवर तिसरी स्वारी

महाराज सुरतेला दोनदा गेले. १६६४ साली आणि मग १६७० साली. तिसरी स्वारी आम्ही केली, जानेवारीतल्या एका शनिवारी, मुंबईहून सकाळच्या ट्रेनने. फरक एवढाच, की या वेळी लुटले जाण्याची भीती आम्हाला होती!

आम्ही म्हणजे मी आणि माझी होणारी बायको. लग्न मे महिन्यात. अंगठीचं बजेट एक लाख, वर एक रुपया नाही. फ्लॅटच्या डाऊन पेमेंटने दोघांच्याही सॅलरी अकाउंटचा आधीच फडशा पाडला होता. त्यात डोक्यावर ताईच्या अंगठीचं भूत. तिची २००९ची एंगेजमेंट रिंग. दुकानदाराने स्वतःच्याच लेटरहेडवर ‘सर्टिफिकेट’ छापून दिलेलं. २०२०मध्ये भावोजींची नोकरी गेली, अंगठी मोडायची वेळ आली, तेव्हा त्या कागदाला कुणी विचारेना. सोन्याचे पैसे आले, हिऱ्याचे निम्मेही नाही. तेव्हापासून आमच्या घरात हिरा हा शब्द जपूनच काढायचा.

सुरत सुचली ती ऑफिसातल्या मित्रामुळे. त्याचे मामा ओपेरा हाऊसच्या ‘पंचरत्न’मध्ये वीस वर्षं काढून सुरतेला परतलेले. मराठी फर्डं. फोनवर म्हणाले, “घ्यायचं नंतर बघू. आधी बघायला तर शिका.”

स्कूटरच्या सीटवरचं दुकान

जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतेत. आता एवढं ऐकल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येईल? काचेच्या इमारती, एसी, काळ्या सफारीतले बॉडीगार्ड. तसलंही आहे. शहराबाहेर खजोदला डिसेंबर २०२३मध्ये उद्घाटन झालेलं सुरत डायमंड बोर्स, नऊ टॉवरचं अवाढव्य प्रकरण. पण मामांनी आम्हाला नेलं महिधरपुऱ्यात, आणि आम्ही बघतच राहिलो.

जुन्या घरांच्या अरुंद गल्ल्या, त्यांना इथे शेरी म्हणतात. गल्लीभर पुरुषच पुरुष. कुणी ओट्यावर, कुणी बाकड्यावर, कुणी चक्क पार्क केलेल्या स्कूटरवर. सीटवर कागदाची पुडी उघडलेली. आपल्याकडे वैद्य चूर्ण देतात तशी घडी, आत निळसर अस्तर. आणि त्यात हिरे! एक जण चिमट्याने उचलतो, डोळ्याला भिंग लावतो, मान हलवतो, पुडी बंद. शेजारी चहावाला, पलीकडे हॉर्न. लाखांचा माल, पण कुणाच्या चेहऱ्यावर टेन्शन नाही.

“इथे घ्यायचं का?” मी हळूच विचारलं.

“अजिबात नाही,” मामा म्हणाले. “हा धंदेवाल्यांचा बाजार आहे. इथे ओळखीवर चालतं. अनोळखी माणसाने रस्त्यावर खरेदी करायची नाही, आणि ‘साहेब, सस्तामध्ये देतो’ म्हणणाऱ्याकडे तर बघायचंही नाही.”

खिडकीतली शिकवणी

त्यांचं ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. उत्तरेकडची खिडकी, टेबल, पांढरा कागद. दुकानातल्या पिवळ्या स्पॉटलाइटखाली काचही नाचते, त्यामुळे हिरा बघायचा तो खिडकीच्या साध्या उजेडात, हा पहिला धडा.

नेटवर सगळ्यांनी वाचलेला फंडा म्हणजे चार ‘सी’. कट, कलर, क्लॅरिटी, कॅरट. बजेट कमी असेल तर यातलं काय सोडायचं, ते मात्र कुणी धड सांगत नाही. मामांनी एका चहात सांगितलं.

कट सोडायचा नाही. पैलूंचे कोन बरोबर असतील तरच आत गेलेला प्रकाश परत डोळ्यांत येतो. कट वाईट असेल तर मोठा हिराही मधे काळपट नाहीतर मेलेला दिसतो. गोल हिऱ्याच्या रिपोर्टवर ‘एक्सलंट’ बघायचं, फार तर ‘व्हेरी गुड’.

कलरमध्ये खाली यायचं. डी म्हणजे एकदम रंगहीन. तिथून खाली जाताना पिवळसर झाक वाढत जाते. पण पिवळ्या सोन्यात बसवल्यावर जी, एच, अगदी आयसुद्धा पांढराच दिसतो. डीचे पैसे द्यायचे कशाला?

क्लॅरिटीतही तेच. व्हीव्हीएसमधले डाग दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखालीसुद्धा मुश्किलीने सापडतात. व्हीएस टू किंवा नीट निवडलेला एसआय वन नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसला की झालं. लग्नात तुमचा हात कोण भिंगाने बघणार आहे?

आणि कॅरट म्हणजे वजन. सोन्याचं कॅरट वेगळं, ती शुद्धता. हिऱ्याचं एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्याचे शंभर सेंट. गंमत अशी, की पन्नास सेंट किंवा एक कॅरट असा गोल आकडा आला, की दर कॅरटमागचा भावच उडी मारतो. म्हणून पन्नासऐवजी पंचेचाळीस-शेहेचाळीस सेंटचा बघायचा. व्यासात फरक पडतो एक-दोन दशांश मिलिमीटरचा. पाकिटात मात्र चांगलाच पडतो.

एकच रिपोर्ट, दोन हिरे

मग मामांनी दोन हिरे काढले. दोन्ही ४२ सेंटचे, दोन्ही एच, दोन्ही व्हीएस टू, कट एक्सलंट, दोन्हींवर जीआयएचा रिपोर्ट. पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवले. “कुठला घ्याल?”

मी रिपोर्ट वाचत बसलो. ही सरळ हिऱ्यांकडे बघत होती. “हा झोपलाय,” ती एकाकडे बोट दाखवून म्हणाली.

मामा खूश! तो ‘मिल्की’ होता. आत दुधाळ धूसरपणा. बाजारात ‘बीजीएम’ म्हणतात, म्हणजे ब्राऊन, ग्रीन, मिल्की. हे दोष असले की भाव पडतो, पण रिपोर्टवर ते लिहिलेले असतीलच असं नाही. मला तिथेच ताईची अंगठी आठवली. तिच्याकडे खरा कागद नव्हता, म्हणून ती फसली. माझ्याकडे खरा कागद होता आणि मी एकटा असतो, तर स्वस्तात मिळतोय म्हणून झोपलेला हिरा घेऊन आनंदाने घरी आलो असतो. कागद लागतोच. पण दोन कागद सारखे असले, की पुढचं काम डोळ्यांचं.

लॅबचा की खाणीतला?

खरी अडचण नंतर आली. मामांनी तिसरी पुडी उघडली. एक कॅरटहून मोठा, लखलखीत, आणि आमच्या बजेटच्या कितीतरी आत. लॅबग्रोन. सुरतेत आता हेही जोरात बनतात. २०२३मध्ये पंतप्रधानांनी जिल बायडेन यांना दिलेला साडेसात कॅरटचा हिरा असाच, लॅबमधला. आणि हा नकली नव्हे बरं का. कार्बनच, हिराच. डोळ्यांनी काय, भिंगानेही फरक कळत नाही, मशीन लागतं. मात्र उत्पादन वाढलं तसे भाव धडाधड कोसळले, आणि मोडीत फारसं काही हाती येत नाही. जीआयएनेही २०२५पासून लॅबच्या हिऱ्यांना नेहमीच्या कलर-क्लॅरिटीच्या ग्रेड देणं बंद करून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोनच वर्ग ठेवलेत.

“मग खाणीतला घेतला तर पैसे परत येतात?” मी विचारलं.

“थोडे. घेतल्याच्या भावाने कधीच नाही. गुंतवणूक करायची तर एसआयपी कर बाबा,” मामा म्हणाले.

आम्ही खाली उतरलो. लोचोची प्लेट घेतली, वर शेव, चटणी आणि तेलाची मुबलक धार. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मोडायचा विचार करून घ्यायचा असेल तर दोन्ही नकोत. मोठा छान आहे, पण तो बघून सगळे किंमत विचारतील, आणि मला दर वेळी ‘लॅबचा आहे’ सांगावं लागेल. लपवायचं नाहीच. पण मग तो आवडला म्हणून घेतला, की मोठा दिसतो म्हणून? मला तो बेचाळीस सेंटवाला आवडलाय. जागा असलेला.”

माझ्या एका मैत्रिणीने लॅबचा घेतला, उरलेल्या पैशांत दोघं भूतानला जाऊन आली. तिचंही बरोबरच आहे. विकणाऱ्याने लॅबचा म्हणून सांगून विकला आणि बिलावर तसं लिहिलं, की विषय संपला.

आम्ही परत वर गेलो. हिरा साठ हजारांच्या आत बसला. बँकेतून पैसे, जीएसटीचं पक्कं बिल. उरलेल्यात आमच्या नेहमीच्या सोनारांकडून अठरा कॅरटची साधी अंगठी. बजेट वाचलं!

रविवारी ताई आली. आईने चष्मा लावून बघितलं, “बारीक आहे गं, पण चमकतोय हो.” ताईने अंगठी हातातसुद्धा घेतली नाही. आधी रिपोर्ट मागितला, जीआयएच्या साइटवर नंबर टाकला. मग माझ्याकडून भिंग घेऊन हिऱ्याच्या कडेवर कोरलेला तोच नंबर शोधत बसली. पाच मिनिटं. सापडला, तेव्हा कुठे तिने अंगठी बोटात घालून बघितली.

जाताय? मग हे बघून ठेवा

• मुंबईहून सुरत साधारण २६५ किलोमीटर, ट्रेन उत्तम. महिधरपुरा स्टेशनपासून जवळच, रिक्षा करा. रविवारी बाजार बंद, आणि दिवाळीनंतर काही आठवडे अख्खा हिरे उद्योग सुट्टीवर.

• बाजार बघायला जा, रस्त्यावर खरेदी नको. गल्लीत फोटो काढण्याआधी विचारा.

• खरेदी कुठेही करा, रिपोर्ट स्वतंत्र लॅबचाच हवा. नंबर साइटवर तपासा. सोनाराकडे देण्याआधी आणि घेतल्यावर कडेवरचा नंबर जुळवा.

• सोन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी बघा. अठरा कॅरटला ७५० हा आकडा.

• सुरुवातीलाच सोनं आणि घडणावळ बजेटमधून वजा करा. उरेल ते हिऱ्याचं.

• हिवाळ्यात गेलात तर पोंक सोडू नका. आपल्या हुरड्याचा सुरती भाऊ, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव. याला मात्र सर्टिफिकेट लागत नाही!