लाल दिवा

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसच्या लॉबीत तीन फ्लॅप गेट आहेत. कार्ड टेकवलं की 'टिंग' वाजतं, हिरवा दिवा लागतो, काचेच्या फळ्या बाजूला सरकतात. पाच वर्षांत मी हे इतक्यांदा केलंय की सोसायटीच्या लिफ्टसमोरही हात गळ्यातल्या पट्ट्याकडे जातो.

या कार्डात बॅटरी नसते. आत एक चिप आणि तारेची चपटी गुंडाळी. रीडरच्या चुंबकीय क्षेत्रात कार्ड आलं की गुंडाळीत वीज तयार होते आणि चिप क्षणभर जागी होते. आमची जुनी १२५ किलोहर्ट्झची कार्डं विचारेल त्याला आपला नंबर सांगून मोकळी व्हायची, त्यामुळे त्यांची नक्कल करणं सोपं होतं. नवी १३.५६ मेगाहर्ट्झची स्मार्ट कार्डं रीडरची आधी परीक्षा घेतात, स्वतःही देतात. तीही सगळीच भक्कम असतात असं नाही. १९९४ मध्ये आलेल्या मायफेअर क्लासिक चिपची किल्ली फक्त ४८ बिटांची होती. २००८ पर्यंत संशोधकांनी तिचं गुपित फोडलं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नवी कार्डं आली. एचआरची सिस्टिम दरवाजांच्या सिस्टिमला जोडायचं काम माझ्याकडे होतं. कुणाचा 'लास्ट वर्किंग डे' भरला की त्या रात्री बारा वाजता त्याचं कार्ड बंद. आधी हे एक्सेल शीटवर चालायचं आणि सोडून गेलेल्यांची कार्डं महिनोनमहिने चालू राहायची. ऑडिटमध्ये दरवेळी शेरा यायचा. माझ्या कोडनंतर तो थांबला. अप्रेझलमध्ये मी हे ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

मग तो मंगळवार. गेटवर माझ्यापुढे टेस्टिंगमधल्या ताई होत्या. माझ्या पहिल्या दिवशी माझं कार्ड तयार नव्हतं, तेव्हा रजिस्टरमध्ये स्वतःची सही करून मला आत नेणाऱ्या त्याच.

लाल दिवा. त्यांनी कार्ड ओढणीला पुसलं. पुन्हा लाल.

"मशीनचं काहीतरी असेल मॅडम, मी उघडतो," असं म्हणत सिक्युरिटीवाले काका उठले. तेवढ्यात त्यांची नजर स्क्रीनवर गेली. हात तिथेच थांबला.

"बसा मॅडम. पाणी आणतो."

ताईंनी मोबाइल काढला. अकरा वाजताची मीटिंग, विषय कोरा, एचआर हजर. त्यांना समजलं. मागे लाइन वाढत होती. मी कार्ड टेकवलं. टिंग. मी आत गेलो.

नंतर कळलं ते असं. मीटिंग सोमवारी होणार होती, ती मंगळवारवर ढकलली गेली. सिस्टिममधली तारीख बदलायची राहिली. कोडमध्ये बग नव्हता. जे सांगितलं होतं तेच त्यानं केलं.

मी बदल सुचवला: नुसत्या तारखेवर कार्ड बंद करू नये, बोलणं झाल्यावर माणसानं बटण दाबावं. सिक्युरिटी टीमनं विचारलं, "मधल्या वेळात कुणी डेटा नेला तर?" प्रश्न चुकीचा नव्हता. तीन मीटिंगा झाल्या. शेवटी ठरलं की सर्व्हर रूम आणि लॉगिन आधी बंद होतील, लॉबीचं गेट सगळ्यात शेवटी, तेही बटण दाबल्यावरच. बदल जेमतेम वीस ओळींचा. तिकिटात कारण लिहायच्या जागी मी 'यूजर एक्स्पीरियन्स' असं लिहिलं.

परवा ताईंनी नव्या ऑफिसच्या कार्डाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'इथेपण टिंग वाजतं रे!'

मी अंगठा पाठवला. मग टाइप करायला घेतलं, 'ताई, तो कोड माझा होता'. तीनदा खोडलं. मेसेज अजून ड्राफ्टमध्येच आहे.