साक्षीदाराच्या पिंजऱ्यात हान्स साक्स

वायमारच्या राष्ट्रीय नाट्यगृहासमोर गटे आणि शिलर एकाच चौथऱ्यावर उभे आहेत आणि त्यांच्या पायाशी बसून शाळेची पोरं आइस्क्रीम खात असतात. पुतळा १८५७चा. जो तो त्याचाच फोटो काढतो. मला बघायचा होता तो पाठीमागच्या भिंतीवरचा फलक. पहिलं महायुद्ध हरल्यावर कैसर हॉलंडला पळाला, बर्लिनच्या रस्त्यांत गोळीबार चालला होता; म्हणून फेब्रुवारी १९१९मध्ये जर्मनांची घटनासभा या नाट्यगृहात भरली. ३१ जुलैला तिने इथेच राज्यघटना मंजूर केली. जिथे आदल्या वर्षापर्यंत राजे-राण्या गात होत्या तिथे बसून लोकांनी राजाशिवायचं राज्य लिहून काढलं.

मला यात विसंगत काही वाटलं नाही. जर्मनी हा देश १८७१ साली झाला. त्याआधी होती ती लहानमोठी संस्थानं, आणि प्रत्येक संस्थानिकाला सैन्य परवडो न परवडो, स्वतःचं थिएटर हवंच असे. आजही या देशात स्वतःचा गायकसंच बाळगणारी ऐंशीहून अधिक थिएटरं आहेत, ती या संस्थानी हौसेची पुण्याई. सांगलीकर पटवर्धनांच्या आश्रयाने १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, पुढे बडोदेकर गायकवाडांनी नाटक मंडळ्यांना हात दिला, हे ज्याला ठाऊक आहे त्या मराठी माणसाला इथे परकं वाटत नाही. देश नकाशावर यायचा होता तेव्हा तो रंगमंचावर येऊन बसला होता. १८२१ साली बर्लिनमध्ये वेबरचा 'फ्रायश्युट्झ' हा ऑपेरा लागला. त्यात ना ग्रीक देव ना रोमन सम्राट. शिकारी, जंगल, खेड्यातली लग्नघाई आणि सैतानाशी केलेला सौदा. दरबारी थिएटरांत इटालियन ऑपेराचा दबदबा असताना लोकांना हे सगळं घरचं वाटलं, आणि 'आपला' ऑपेरा म्हणून त्यांनी तो डोक्यावर घेतला.

वायमारला मी खरं तर शकुंतलेसाठी आलो होतो. विल्यम जोन्सच्या इंग्रजीवरून गेओर्ग फोर्स्टरने १७९१ साली 'शाकुंतल' जर्मनमध्ये आणलं आणि ते वाचून गटे खुळावला. 'फाउस्ट'च्या आरंभी नाट्यगृहातला जो प्रवेश आहे, त्याची कल्पना त्याने कालिदासाच्या सूत्रधाराकडून उचलली असं जाणकार मानतात. पुढे १८८४ साली, जेमतेम विशीतल्या फेलिक्स वाइनगार्टनरचा 'शकुंतला' हा ऑपेरा याच गावात लागला. त्याच्यासाठी शब्द टाकला होता म्हाताऱ्या फ्रान्झ लिस्टने. आता पुण्याकडे बघा. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८०चं. चार वर्षांच्या अंतराने एकच मुलगी दोन देशांत गाऊ लागली, एकीकडे साकी-दिंडीत, दुसरीकडे जर्मन संगीतकार वाग्नरच्या वळणाच्या वाद्यवृंदात. आपल्याकडच्या कॉलेजात शिकलेल्या मंडळींना कालिदासाचा जो अभिमान होता, त्याला गटेच्या शिफारसपत्राचा थोडा वास होता, हेही कबूल करायला हवं. राष्ट्राभिमान पुष्कळदा परदेशी शिक्का मारून घरी परत येतो.

वायमारहून बायरॉइटला जाताना गाड्या बदलाव्या लागतात. थुरिंगियाचं जंगल संपतं, बव्हेरिया लागतो, आणि डब्यातले लोक एकमेकांना वेगळ्या शब्दांनी नमस्कार करू लागतात. एर्लांगेनला राहणारी माझी मामेबहीण बायरॉइटच्या स्टेशनवर उभी होती. तिथल्या वाग्नर महोत्सवाची तिकिटं तिनेच मिळवली होती. ऑगस्ट २०१९ची ती दुपार चांगलीच तापलेली होती.

"दादा, कोट आणलायस ना?" हा तिचा पहिला प्रश्न. "आणि आत एसी नाही हं."

या गावात दोन थिएटरं आहेत आणि दोन्ही बघितल्याशिवाय एकही कळत नाही. जुनं आहे ते इथल्या संस्थानिकांचं, म्हणजे मार्कग्राफांचं, १७४०च्या दशकात बांधलेलं. फ्रेडरिक द ग्रेटची बहीण विल्हेल्मिना हिने इटालियन कारागीर आणून लाकडात कोरून घेतलेलं. आत सोनं, निळाई, देवदूत आणि मधोमध राजघराण्याची बसायची जागा. प्रेक्षकाने रंगमंचाकडे कमी आणि त्या जागेकडे जास्त बघावं, अशीच सगळी मांडणी. या थिएटराचा रंगमंच खूप खोल आहे असं ऐकून १८७१ साली वाग्नर ते बघायला आला. त्याला ते पसंत पडलं नाही, पण गाव पडलं.

मग गावाबाहेरच्या टेकडीवर त्याने स्वतःचं बांधलं. बाहेरून विटा आणि लाकूड, एखाद्या गिरणीला शोभेलसं. आत पंख्यासारख्या पसरलेल्या रांगा, बाजूला मानकऱ्यांचे कक्ष नाहीत, साधारण एकोणीसशे खुर्च्या, त्याही लाकडी. वाद्यवृंद रंगमंचाखालच्या खड्ड्यात, वर झाकण. वाजवणारा दिसत नाही, वाजवून घेणारा दिसत नाही. अंधारातून फक्त सूर येतो. हे साऱ्या जर्मन जनतेचं थिएटर म्हणून वाग्नरने वर्गणी काढली. जनतेने ती पुरेशी दिली नाही, बिस्मार्कने दाद दिली नाही, शेवटी बव्हेरियाच्या लुडविग राजाच्या कर्जावर ते उभं राहिलं. १३ ऑगस्ट १८७६ला पडदा वर गेला तेव्हा खुद्द कैसर हजर होता. पण पहिल्या महोत्सवात एवढी खोट आली की दुसरा भरायला १८८२ उजाडलं. कर्जात बुडालेल्या गंधर्व मंडळीची गोष्ट ऐकत वाढलेल्यांना हे नवीन नाही. जाता जाता एक नोंद: त्याच १८७६च्या डिसेंबरात इंग्रज सरकारने हिंदुस्थानात नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा केला. नाटकात राष्ट्र घडवण्याची ताकद असते हे वाग्नरइतकंच कलकत्त्यातल्या साहेबालाही पटलं होतं.

खेळ दुपारी चारला. त्याआधी बाल्कनीत पितळी वाद्यं घेऊन वादक येतात आणि पुढच्या अंकातली एक ओळ वाजवतात: अगदी नेमक्या वेळी, पंधरा मिनिटं उरली की एकदा, दहा उरली की दोनदा, पाच उरली की तीनदा. तिसऱ्या घंटेवर वाढलेल्या माझ्या कानांना ही हाक लगेच कळली. मग दारं बंद होतात आणि अंक संपेपर्यंत उघडत नाहीत. खोकला दाबून बसायचं. इथे 'वन्स मोअर' नाही. बालगंधर्वांच्या काळी आवडलेलं पद पुन्हा पुन्हा मागून घेत प्रेक्षकच नाटक पहाटेपर्यंत लांबवायचे. नाटक कुठे थांबायचं हे ठरवण्यात त्यांचा वाटा होता. वाग्नरने प्रेक्षकाचा तो हक्क काढून घेतला. मला हे फारसं रुचत नाही, पण तासाभराने मीही श्वास धरून बसलो होतो.

त्या दिवशी होतं 'दी माइस्टरसिंगर', न्युर्नबर्गच्या गाणाऱ्या कारागिरांची कथा. मूळ प्रयोग १८६८चा, म्युनिकचा. चांभार-कवी हान्स साक्स, तरुण उमराव वाल्टर, आणि नियमांचं पुस्तक कवटाळून बसलेला बेकमेसर. बेकमेसरची शेवटी गावासमोर फजिती होते, आणि साक्स भाषण करतो: परकीयांपासून सावध राहा, साम्राज्य धुळीला मिळालं तरी जर्मन कला राहील. हे भाषण नाझींनी उचललं. २१ मार्च १९३३ला, हिटलरने पॉट्सडामला संसदेचा सोहळा केला त्या रात्री, बर्लिनच्या ऑपेरात हेच होतं. त्याही आधी, १९२४ साली, याच बायरॉइटच्या थिएटरात साक्सचं भाषण संपल्यावर प्रेक्षक उठून उभे राहिले आणि राष्ट्रगीत गाऊ लागले होते.

म्हणजे हे नाटक नुसतं नाटक उरलेलं नाही. २०१७ साली ते बसवायला बॅरी कॉस्कीला बोलावलं, तो या टेकडीवरचा पहिला ज्यू दिग्दर्शक. पहिला अंक त्याने वाग्नरच्या घरातल्या दिवाणखान्यात घडवला. पियानोतून वेगवेगळ्या वयांचे वाग्नर बाहेर येतात, त्यातलाच एक साक्स होतो. बेकमेसर झाला आहे हेर्मान लेव्ही. हा खरा माणूस, १८८२ साली 'पार्सिफाल'चा पहिला प्रयोग ज्याने चालवला तो ज्यू वाद्यवृंद-संचालक. वाग्नर त्याला बाप्तिस्मा घे म्हणून छळायचा. अंक संपता संपता दिवाणखाना मागे सरकतो आणि भोवती उमटतं न्युर्नबर्गचं कोर्ट, जिथे १९४५-४६ साली नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला ते. दुसऱ्या अंकाच्या दंग्यात मंचावर एक अवाढव्य डोकं फुगत जातं, ज्यूंच्या विकृत व्यंगचित्रांतलं. हसू येत होतं ते घशातच राहिलं.

मध्यंतर तासाभराचं. माझ्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाई भाड्याची उशी सांभाळत बाहेर आल्या. त्या लहानपणी आजोबांबरोबर आल्या होत्या म्हणे. मी विचारलं, "तुमच्या आजोबांना हे आवडलं असतं?" त्या म्हणाल्या, "मुळीच नाही. म्हणून तर मी दुसऱ्यांदा बघतेय."

बागेत लोक ब्राटवुर्स्ट खात उभे होते. आपल्याकडे मध्यंतरात बटाटेवड्यापाशी जो परीक्षकवर्ग जमतो, तोच इथे शॅम्पेनच्या ग्लासासह जमला होता. बागेच्या खालच्या अंगाला वाग्नरचं मस्तकशिल्प आहे, हिटलरच्या लाडक्या आर्नो ब्रेकरने घडवलेलं. ते काढून टाकलेलं नाही. त्याच्या आजूबाजूला उंच करडे फलक उभे केलेत. एकेका फलकावर एकेक चेहरा: इथे गायलेले, वाजवलेले, आणि मग हाकललेले किंवा मारलेले कलावंत. ओटीली मेट्झगर-लाटरमान, आउशवित्झ. हेन्रिएट गॉटलीब, लॉड्झची ज्यू वस्ती. रेशमी झग्यातल्या बायका चष्मा लावून वाचत होत्या.

बहीण म्हणाली, "दादा, आपल्या एखाद्या संगीत नाटकाला कुणी असं कोर्टात उभं केलं तर?"

"नाट्यगृहाच्या काचा फुटतील."

"ते सोड. उभं कुणाला करशील?"

तिच्या प्रश्नाने मी अडकलो. संगीत नाटकाने मराठीपण घडवलं यात शंका नाही. खाडिलकरांचं 'कीचकवध' हे गद्य नाटक, पण त्याच मातीतलं. त्यातल्या कीचकात कर्झन ओळखू आला म्हणून १९१०मध्ये सरकारने बंदी घातली. खाडिलकरांचंच 'मानापमान' केशवराव भोसले आणि बालगंधर्वांनी १९२१ साली मुंबईत एकत्र केलं, टिळक स्वराज्य फंडासाठी. पण नाटककारांनी लावणीची चाल घेतली आणि लावणी गाणारीला दाराबाहेर ठेवलं. तमाशा कनातीत राहिला, संगीत नाटक नाट्यमंदिरात गेलं, आणि सभ्य मराठी माणूस म्हणजे कोण हे त्या दारावर ठरलं. बेकमेसरला गावातून हसून घालवलं जातं तेव्हाच गावाचं एकमत होतं; आमच्याकडे ती जागा तमासगिराची. 'एकच प्याला'तल्या सिंधूसाठी शंभर वर्षं रडून झालं, आता तिला साक्षीला बोलवायला हरकत नाही. समीक्षकांनी लेखांतून हे केलंय. पण वाग्नरला त्याच्याच थिएटरात, त्याच्याच पणतीच्या देखरेखीखाली उभं करतात. आम्ही नाट्यपदं वेगळी काढून दिवाळी पहाटेला गातो आणि नाटक कपाटात ठेवतो.

तिसऱ्या अंकात कोर्ट भरलेलं होतं. साक्सचं भाषण जवळ आलं तसे सगळे निघून गेले आणि मिखाएल फोले हा धिप्पाड गायक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एकटा उरला. ज्या भाषणावर लोकांनी राष्ट्रगीत म्हटलं, ते आता जबानी झालं होतं. शब्द तेच, सूर तेच, एकही मात्रा बदललेली नाही. मग मागची भिंत सरकली, वाद्यवृंद घेऊन एक मंच पुढे आला आणि वाग्नर झालेला साक्स त्याला हातवारे करू लागला. निकाल काय, ते कॉस्की सांगत नाही. संगीत इतकं सुंदर आहे की आरोपीला सोडून द्यावंसं वाटतं, आणि त्याचीच भीती वाटते. टाळ्या खूप वेळ चालल्या, दोन-चार जण 'बू' असंही ओरडले. शिक्षिकाबाई दोन्ही बाजूंकडे बघून खूश होत्या.

न्युर्नबर्गला गेलो तेव्हा खरं कोर्ट पाहिलं, दालन क्रमांक ६००. आधी नाटकात बघितलेली खोली नंतर प्रत्यक्षात बघणं चमत्कारिक असतं. ती लहान वाटली. गडद लाकूड तेच. खरा हान्स साक्स (१४९४–१५७६) याच गावचा, त्याने चार हजारांहून जास्त गीतं रचली आणि जोडेही शिवले. गाणारे कारागीर जिथे जमत ते कॅथरिना चर्च युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेलं. भिंती राखून उन्हाळ्यात तिथे मैफली करतात. नाझी पक्षाच्या मेळाव्यांच्या वेळी गावच्या ऑपेरात 'माइस्टरसिंगर' ठेवला जाई. हिटलरचा वास्तुविशारद आल्बर्ट श्पेअर याने आठवणींत लिहिलंय की एका वर्षी हिटलरने कार्यकर्त्यांना हजार तिकिटं वाटली आणि थिएटर जवळजवळ रिकामं राहिलं. मग बिअरच्या गुत्त्यांतून त्यांना धरून आणायला गस्त पाठवावी लागली. राष्ट्रीय कलेच्या भक्तांची ही अवस्था मला फार दिलासा देऊन गेली.

तळ्याकाठी नाझींचं अर्धवट काँग्रेस हॉल आहे, पन्नास हजार लोकांसाठी योजलेलं, छपराविना राहिलेलं. त्याच्या एका टोकाला संग्रहालय आणि दुसऱ्या टोकाला शहराचा सिम्फनी वाद्यवृंद. अंगण तेव्हा मोकळं होतं. आम्ही गेलो तेव्हा तिथे फक्त वारा आणि गवत होतं. दोनेक वर्षांनी बहिणीचा फोन आला: जुन्या ऑपेरागृहाची दुरुस्ती निघाल्यामुळे शहराने ऑपेरा याच इमारतीत हलवायचं ठरवलंय, पुढे अंगणात नवं थिएटर बांधायचंही ठरलं. गावात रणकंदन माजलं. एक बाजू म्हणते, हे अंगण ओकंबोकं राहू दे, त्याचं ओकंबोकं असणं हाच पुरावा आहे. दुसरी म्हणते, पुराव्याच्या नाकावर टिच्चून गाऊ या. मी दुसऱ्या बाजूचा, पण पहिलीने गप्प बसू नये असंही मला वाटतं. तिथे कधी ना कधी 'माइस्टरसिंगर' लागेल, आणि साक्सच्या भाषणाचं काय करायचं यावर आणखी एक दिग्दर्शक शिव्या खाईल. बहिणीला मी तिकिटांचं आत्ताच सांगून ठेवलंय.