पालकांचं '२१ अपेक्षित'

बारावीच्या पोरांनी काय करावं हे सांगणारे ढीगभर लोक असतात. क्लासचे सर असतात, गाईडं असतात, '२१ अपेक्षित' असतं, आणि कोणीच नसलं तर शेजारचे काका असतातच! पण बारावीच्या पोरांच्या आई-बापांनी काय करावं? त्यांचं '२१ अपेक्षित' आमच्या बार्शीतल्या पुस्तकांच्या दुकानात तरी मला कधी दिसलं नाही. मग ते बिचारे सुचेल ते करतात. टीव्हीचं कनेक्शन काढतात, पहाटे चारला उठवतात, बदाम भिजत घालतात आणि दिवसातून दहा वेळा विचारतात, "झाला का गं अभ्यास?"

मित्रांनो, आपल्यापैकी बऱ्याच जणांचं धाकटं भावंड यंदा दहावी-बारावीला असेल. आपल्या सर-मॅडमपैकी काहींच्या घरीही हेच वर्ष चालू असेल. त्या सगळ्यांसाठी हा खटाटोप.

माझी धाकटी बहीण २०२५ साली बारावी सायन्सला होती. अण्णा मार्केट यार्डात एका आडतीवर दिवाणजी आहेत. आई नववीपर्यंत शिकलेली. घरातून इंजिनिअरिंगला आलेला मी पहिलाच, त्यामुळे माझा शब्द म्हणजे जणू बोर्डाचं सर्क्युलर! डिसेंबरपासून आईचे फोन सुरू झाले. "ती नीट जेवंना झालीय रे. काय बोलायला गेलं की अंगावर येते. आम्ही काय करावं? तू शिकलेला, तूच सांग."

जानेवारीत सेमची परीक्षा संपवून मी आठ दिवस घरी गेलो. घराचा पार दवाखाना झाला होता. सगळे कुजबुजत बोलायचे. टीव्हीवर टॉवेल टाकलेला. कुकरची शिट्टी झाली की आईच दचकायची. धाकटी रात्री साडेबारापर्यंत जागायची आणि आई तिला पहाटे चारला उठवायची, कारण 'पहाटेचं ध्यानात राहतं'. अण्णा कधी ओरडायचे नाहीत. फक्त सकाळ-संध्याकाळ एकच वाक्य, अगदी हळू आवाजात, "क्लाससाठी पतसंस्थेचं कर्ज काढलंय बाळा, तेवढं ध्यानात असू दे."

ते तिच्या चांगलंच ध्यानात होतं. एका रात्री गच्चीवर ती मला म्हणाली, "दादा, समज मी फिजिक्समध्ये गेले, तर ते कर्ज कसं फिटणार?" सतरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात रोटेशनल डायनॅमिक्सच्या जागी व्याजाचा हिशेब चालू होता. मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी आडतीवर जाऊन अण्णांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय रे? इचारल्याशिवाय दुसरं करू तरी काय मी?"

मला वाटतं सगळं याच वाक्यात आहे. अण्णा रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. आणि घाबरलेल्या माणसाला "टेन्शन घेऊ नका" असं सांगून काडीचा उपयोग होत नाही. त्याला दोन गोष्टी द्याव्या लागतात. एक म्हणजे नीट माहिती, आणि दुसरी म्हणजे हातात काम.

आधी माहिती दिली. तिथंच एका पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. फिजिक्स आणि केमिस्ट्रीला ७० मार्कांचा पेपर आणि ३० प्रॅक्टिकल. मॅथ्सला ८० आणि २०. इंजिनिअरिंगचं मेरिट लागतं ते सीईटीच्या पर्सेंटाइलवर. बारावीला ग्रुपमध्ये ओपनला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. सीईटी २०० मार्कांची, निगेटिव्ह मार्किंग नाही, साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवरचे आणि बाकीचे बारावीवरचे. अण्णा तोपर्यंत समजत होते की बोर्डाचा एक-एक मार्क गेला की कॉलेज गेलं! शिवाय त्यांच्या डोक्यात अजून 'ऑक्टोबरची वारी' होती. आता पुरवणी परीक्षा निकालानंतर लगेच जून-जुलैत होते हे त्यांना माहीतच नव्हतं. "म्हणजे एखादा विषय राहिला तरी वर्ष जाईलच असं नाही?" त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना त्यांचा चेहरा जरा सैल झाला होता.

मग कामांची वाटणी केली. अण्णांना फिजिक्स येत नाही, पण वही आणि घड्याळ येतं. तीस वर्षं दुसऱ्याचा हिशेब लिहिलाय त्यांनी! तेव्हा दर रविवारी अण्णा सुपरवायझर. बरोबर अकराला जुनी प्रश्नपत्रिका हातात द्यायची आणि दोन वाजून दहा मिनिटांनी पेपर काढून घ्यायचा. (आधी वाचायला मिळणारी दहा मिनिटं २०२३ च्या परीक्षेपासून शेवटी मिळतात, हेही त्यांना सांगितलं.) किती मार्क पडतील हे विचारायचं नाही. वहीत फक्त तारीख, विषय आणि वेळेअभावी किती मार्कांचं राहिलं एवढंच लिहायचं. पहिल्या रविवारी १४ मार्कांचं राहिलं. चौथ्या रविवारी ३ मार्कांचं. "बघ, सुधारलीस" असं कुणी म्हणायची गरजच पडली नाही, वहीतच दिसत होतं. आणि हो, 'कर्ज' हा शब्द परीक्षा संपेपर्यंत घरात बंद.

आईचं काम त्याहून भारी. धाकटीनं रोज जेवताना एक टॉपिक आईला मराठीतून समजावून सांगायचा, पुस्तक न बघता. यामागं शास्त्र आहे बरं का! अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रयोग करून दाखवलं, की धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून बघणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहतं. एका रात्री धाकटीनं ऑस्मॉसिस सांगितलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हणजे कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तेच की!" धाकटी हसली. त्या दिवशी तिनं भाकरी मागून घेतली, असं आईनं मला नंतर फोनवर सांगितलं.

झोपेवरून मात्र वाद झाला. या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि वाचलेलं डोक्यात पक्कं बसायला झोपच लागते, हे आईला पटेना. "बाकीची पोरं पहाटं उठत्यात!" शेवटी तह झाला. साडेदहाला दिवा बंद, साडेसहाला उठायचं.

पेपरच्या दिवसांसाठी एकच नियम ठरवला. गेटवर "कसा गेला?" विचारायचं नाही, आधी खाणं. फिजिक्सचा पेपर खरंच अवघड गेला. त्या वेळी मी इथं होस्टेलवर होतो, तिनंच रात्री फोन करून सांगितलं. डोळे सुजवून ती बाहेर आली तर अण्णा गाडी घेऊन उभे. तिच्याकडे बघून ते एवढंच म्हणाले, "रस पिऊ या का गं?" रसवंतीत बसून तिनं दोन ग्लास रस प्यायला, आणि मग आपणहून सगळा पेपर अण्णांना सांगितला. अण्णांना त्यातलं काही कळलं नाही. पण ते ऐकत होते. दुसऱ्या दिवशी ती पुढच्या पेपराच्या अभ्यासाला बसली.

इथं एक गंभीर गोष्ट सांगतो. सगळ्याच घरांत रसानं भागत नाही. पोरगं आठवडाभर नीट जेवत नसेल, झोपत नसेल, कुणाशीच बोलत नसेल किंवा "मी नसलो तर बरं होईल" असं काही बोललं, तर तिथं आपलं डोकं चालवू नका आणि "नाटकं करतोय" तर अजिबात म्हणू नका. त्याला एकटं सोडू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. हा नंबर पोराला द्याच, पण आई-वडिलांच्याही मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या.

असो. निकाल ५ मे २०२५ ला लागला. धाकटीला ६८ टक्के. पेपरात फोटो येण्यासारखे नक्कीच नाहीत! सीईटीवरून तिला हवं होतं ते कॉम्प्युटर मिळालं नाही, इलेक्ट्रिकल मिळालं. कर्ज अजून फिटायचंय. पण त्या दोन महिन्यांत आमच्या घरात कुणी कुणाला घाबरून राहिलं नाही, आणि ती अण्णांना अजूनही सगळं सांगते. कुठल्या मार्कशीटवर हे छापून येत नाही.

आता गल्लीतल्या दहावी-बारावीच्या पोरांचे वडील अण्णांकडे येतात. अण्णाही चष्मा पुसत, एखाद्या अनुभवी प्रोफेसरसारखे सांगतात, "आधी त्याला झोपू द्या. मग एक वही घाला."

तेव्हा मित्रांनो, घरी बोलाल तेव्हा धाकट्याला "अभ्यास कर" म्हणून सांगणारा अकरावा माणूस होऊ नका. ते सांगणारे दहा जण तिथं आहेतच. तुम्ही आई-बाबांशी बोला. परीक्षा कशी असते ते त्यांना समजावून सांगा, आणि त्यांना जे येतं त्यातलंच एखादं काम त्यांच्या हातात द्या. बारावी आपण पार केलीय, तेवढं तर आपल्याला नक्कीच जमेल!