पन्नाशीतला कॅमेरा

सेमिनरीत आम्ही तर्कशास्त्र शिकलो, धर्मसिद्धान्त शिकलो; संपर्कमाध्यमांविषयीचा व्हॅटिकन परिषदेचा १९६३ सालचा 'इंटर मिरिफिका' हा दस्तऐवजही परीक्षेपुरता पाठ केला. कॅमेरा मात्र कधी हाती धरला नाही. पन्नाशी उलटल्यावर तो धरावा लागला, त्याला एक मयत निमित्त झाले.

आमच्या धर्मग्रामातील एक आजी देवाघरी गेल्या. शवपेटीजवळ ठेवण्याजोगा एकही फोटो घरी नव्हता. सणाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर शंभरेक जणांचा समूहफोटो आम्हीच मोबाईलवर काढला होता. त्यात मागच्या रांगेत आजी उभ्या होत्या. तो मोठा करताच चेहऱ्याच्या जागी करड्या चौकोनांची नक्षी तेवढी उरली. एका उत्साही तरुणाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ती सुबक करून आणली. डोळे रेखीव, त्वचा नितळ! मुलाने क्षणभर पाहिले आणि म्हटले, "फादर, ही आमची आई नव्हे." अंत्यविधी फोटोविनाच झाला.

त्यानंतर गावातल्या एका तरुण छायाचित्रकाराकडे आम्ही विद्यार्थी होऊन जाऊ लागलो. पहिला धडा प्रकाशाचा. भिंगाचे छिद्र एफ-८ वरून एफ-५.६ वर आणले की दुप्पट प्रकाश आत येतो. मग शटरचा वेळ निम्मा केला तर उजेड तेवढाच राहतो, परंतु चेहऱ्यामागची भिंत जराशी धूसर होते. एक मिळवावे तर दुसरे सोडावे लागते, हे आम्ही व्यासपीठावरून इतरांना नित्य सांगत आलो होतो!

दुसरा धडा आमच्या फजितीतून मिळाला. प्रथम कम्युनियनच्या मुलींचे शुभ्र पोशाख आमच्या फोटोंत मळकट उतरले. गुरूंनी उलगडा केला : कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सारे मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. पांढरे पांढरेच दिसावे, तर आपण होऊन एक-दीड स्टॉप प्रकाश अधिक द्यावा लागतो. सर्वांना एकाच मापाने मोजण्याची खोड आमच्यातही आहे, हे त्या दिवशी मनोमन कबूल केले.

तिसरा धडा मात्र जिव्हारी लागला. सहा बाय चार इंचांचा फोटो स्वच्छ छापायचा तर इंचाला ३०० या हिशेबाने १८०० गुणिले १२०० पिक्सेल हवेत. आजींच्या चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम पन्नास रुंदीचे आले होते. त्यातच तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आणखी आकसला होता. जे टिपलेच नाही ते संगणक अंदाजाने भरतो, आणि त्या अंदाजात असंख्य अनोळखी चेहरे मिसळलेले असतात. मुलाने तेच ओळखले होते.

आता रविवारी दुपारी आम्ही वृद्धांच्या घरी जातो. त्यांना खिडकीच्या मऊ उजेडात बसवतो, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरतो आणि आधी मनसोक्त गप्पा मारतो. सुरकुत्या पुसत नाही. छापील प्रत घरी देतो, मूळ फाईल दोन ठिकाणी जपतो. त्या आजींच्या ओटीवर मात्र फोटोसाठी ठोकलेला खिळा अजून रिकामाच आहे. तिकडून जाताना आमची नजर आपसूक खाली वळते.